पूजा : शब्द आणि अर्थ

शिरूर घोडनदीच्या कांठीं वसलें आहे, दौंड भीमेच्या. या दोन्ही तालुक्यांत वेशीजवळ आणि शेताच्या बांधावर म्हसोबाचे शेंदूर माखलेले तांदळे आढळतात. इकडे रांजणगांवीं अष्टविनायकांपैकीं महागणपतीला षोडशोपचार अर्पण होतात. शिकलेला मनुष्य दुसऱ्या प्रकारास पूजा म्हणतो आणि पहिल्यास भाबडेपणा. शब्दाचा इतिहास या निवाड्यास अनुकूल आहे काय, हें आम्ही येथें पाहणार आहों.

ऋग्वेदांत ‘पूजा’ हें नाम नाहीं; इंद्राच्या ‘शाचिपूजन’ या एका विशेषणांत त्याची चाहूल मात्र लागते. वैदिक उपासनेचा मुख्य शब्द यज्ञ. तेथें अग्नि, आहुति व मंत्र आहेत, मूर्ति नाहीं. गृह्यसूत्रांत पूजा येते, ती घरीं आलेल्या मान्य पुरुषाच्या सत्काराच्या अर्थीं.

व्युत्पत्तीविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं. कांहींनीं तमिळ ‘पू’ म्हणजे फूल आणि ‘चेय्’ म्हणजे करणें यांच्या योगानें ‘पुष्पकर्म’ असा अर्थ लाविला. स्वीडिश पंडित शार्पेंटिये यांनीं द्राविडी ‘पूचु’, म्हणजे माखणें, हें मूळ सुचविलें. जर्मन पंडित टीमे यांनीं १९३९ मध्यें संस्कृत ‘पृच्’, मिसळणें, या धातूकडे बोट दाखविलें. पाहुण्यास दही-मध कालवून देण्याचा जो मधुपर्क, त्याशीं त्यांनीं पूजेचें नातें जोडलें.

आम्हांस अर्थाच्या दृष्टीनें टीमे यांचें मत अधिक पटतें. आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, नैवेद्य हा क्रम दमून आलेल्या पाहुण्याच्या आदरातिथ्याचाच आहे. आपल्या लग्नांतील सीमांतपूजनांत तर पूजा होते ती देवाची नव्हे, वेशीवर आलेल्या वराची. परंतु माखण्याचें मूळ खरें ठरलें, तर शेंदराचा हात फिरविणारा शेतकरीच त्या शब्दाच्या सर्वांत जवळ उभा राहील.

कोणतेंही मूळ घेतलें, तरी फूल वाहणें, माखणें, पाहुण्यास मान देणें या तिन्ही कृति हातानें करावयाच्या आहेत, आणि तिन्हींत समोर कोणी आलें आहे ही भावना गृहीत आहे. ती भावना बांधावरच्या तांदळ्यापुढें असेल, तर त्या पूजेस कमी लेखण्याचा अधिकार शब्दकोश आपणांस देत नाहीं. आणि ती नसेल, तर सोळा उपचारांनींही पूजा पुरी होत नाहीं.