गणवेशांतील बालपण

१७४६ सालच्या डिसेंबरांत जिनोआ शहरांतील एका पोरानें ऑस्ट्रियन शिपायांवर दगड भिरकावला आणि त्यासरशी सारें शहर परकीयांविरुद्ध उठलें, अशी इटलींत परंपरागत कथा आहे. त्या पोराचें टोपणनांव 'बालिल्ला'. दैवाची थट्टा अशी कीं, बंडखोर मुलाचें हेंच नांव मुसोलिनीनें आज्ञापालन शिकविणाऱ्या संस्थेस दिलें.

३ एप्रिल १९२६ च्या कायद्यानें ही संस्था स्थापन झाली. आठ ते चौदा वर्षांचीं मुलें 'बालिल्ला' व त्यापुढें अठरापर्यंतचे तरुण 'अग्रेसर' म्हणून दाखल होत. मुलींचीं पथकें निराळीं असत. काळा सदरा, कवायत, खेळ, समुद्रकांठचीं शिबिरें! गरिबाच्या मुलास यांची भुरळ पडली नसती तरच नवल. सत्तेनें आमिष पुढें केलें आणि मागाहून इतर दारें एकेक करून लावून घेतलीं. १९२८ पर्यंत बालवीरांचीं पथकें बंद झालीं. १९३० पासून प्राथमिक शाळांत सरकारी क्रमिक पुस्तक तेवढें उरलें. १९३१ सालीं कॅथॉलिक युवकमंडळांवर घाला आला. पोप अकरावे पायस यांनीं जाहीर निषेध केला, तेव्हां तडजोड होऊन त्या मंडळांना केवळ धर्मकार्याची मोकळीक मिळाली. १९३७ मध्यें सर्व युवकसंघटना पक्षाच्या थेट ताब्यांत गेल्या.

हें शिक्षण सफल झालें काय? उत्तर दुहेरी आहे. १९४३ च्या जुलैंत मुसोलिनी पदच्युत झाल्यावरहि त्याच्या अखेरच्या सरकारासाठीं उत्तर इटलींत अनेक तरुण लढले. उलट, १९१९ सालीं जन्मलेला, म्हणजे त्याच राजवटींत वाढलेला लेखक जाइमे पिंतोर त्याच वर्षीं प्रतिकारकांना मिळण्यास निघाला आणि १ डिसेंबर रोजीं सुरुंगाच्या स्फोटांत मरण पावला. एका पुस्तकाच्या त्या राज्यांत त्यानें दुसरींहि पुस्तकें वाचलीं होतीं. जर्मन कवि रिल्के याच्या कवितांचीं त्यानें भाषांतरें केलीं होतीं.

वाचनानें प्रत्येक जण पिंतोर होतो, असें नाहीं. परंतु ज्या मुलास तुलना करण्यास दुसरें कांहींच मिळत नाहीं, त्याची निष्ठा ही निवड नव्हे. कवायत शरीरास उपकारक असेल. पण ती संपल्यावर मूल घरीं येतें, तेव्हां त्यानें कांहीं विचारलें तर उत्तर देण्याचें धैर्य घरांत असावें लागतें. इटलींतील कित्येक घरांत तें उरलें नव्हतें, आणि त्याची किंमत मुलांनीं दिली.