महानगरांच्या वाहतूक नियोजनाला कायद्याचा आधार

पुण्यातील विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडण्यात आले. त्यांच्या जागी मेट्रोमार्गासह दुमजली उड्डाणपूल उभारायचा होता. जुने पूल बांधून जेमतेम दीड दशक लोटले होते. महापालिका, विकास प्राधिकरण, मेट्रो कंपनी आणि बससेवा यांचे नियोजन स्वतंत्रपणे होत राहिले, तर सार्वजनिक पैशाची काय गत होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

यावर उपाय म्हणून २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत एकीकृत महानगर वाहतूक प्राधिकरण स्थापन करण्याची शिफारस केली. नागरी वाहतूक हा प्रामुख्याने राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने त्यासाठी कायदे करणे राज्यांच्या हाती होते. तामिळनाडूने चेन्नईसाठी २०१० मध्ये असा कायदा केला. केरळने २०१९ मध्ये, तर कर्नाटकने बंगळुरूसाठी २०२२ मध्ये विधेयक संमत केले.

या कायद्यांचा गाभा एकच आहे. संपूर्ण महानगर क्षेत्रासाठी एक सर्वंकष वाहतूक आराखडा असावा आणि प्रत्येक संस्थेचा प्रकल्प त्या आराखड्याच्या कसोटीवर तपासला जावा. केवळ शासन निर्णयाने नेमलेली समिती सल्ला देऊ शकते. तो पाळण्यास इतर संस्था बांधील नसतात. कायद्याने स्थापन झालेल्या प्राधिकरणाला मात्र वैधानिक अधिकार असतात.

केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणाने या विचाराला निधीची जोड दिली. केंद्रीय साहाय्य हवे असल्यास सर्वंकष आराखडा आणि एकीकृत प्राधिकरण आवश्यक ठरले. जलद बससेवा, ट्राम इत्यादी पर्यायांशी तुलना करणेही बंधनकारक झाले. प्रकल्पाचा आर्थिक परतावा, म्हणजे वेळ व इंधनाची बचत आणि प्रदूषणातील घट यांसह समाजाला होणारा लाभ, किमान १४ टक्के असावा, अशी अटही घालण्यात आली.

तथापि, कायदा संमत होणे आणि अमलात येणे यांत अंतर असते. चेन्नईच्या प्राधिकरणाची पहिली बैठक कायद्यानंतर बारा वर्षांनी, २०२२ मध्ये झाली. दरम्यानच्या काळात शहरात मेट्रो धावू लागली होती. प्राधिकरण जितके उशिरा कार्यरत होते, तितके अधिक प्रकल्प त्याच्या तपासणीविना मार्गी लागतात आणि नंतरच्या दुरुस्तीचा भार अखेर करदात्यांवरच पडतो.