नियोजनाचे शास्त्र आणि जासईचा सातबारा

विद्यापीठातले संशोधन समाजाच्या उपयोगी पडत नाही, ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे. तक्रार करणारा बहुधा असे धरून चालतो की अहवाल कपाटात धूळ खातात आणि सरकारने ते वाचले असते तर लोकांचे भले झाले असते. नवी मुंबईच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. इथे सरकारने अभ्यास वाचला, मान्य केला आणि अमलातही आणला. तरीही 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई, दास्तान फाटा आणि पागोटे या परिसरात भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. तेव्हा संशोधन धोरणापर्यंत पोचते की नाही, एवढे विचारून भागत नाही. ते कोणता प्रश्न घेऊन पोचते, हे तपासावे लागते.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली आणि 1965 मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकाने ती छापली. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेही त्याच सुमारास मुंबईची वाढ पनवेलच्या दिशेने वळवावी, असा निष्कर्ष काढला. 17 मार्च 1970 रोजी हे शहर उभारण्यासाठी सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली. पटेल आणि कोरिया यांनी सुरुवातीच्या वर्षांत तिथेच नियोजनाची धुरा वाहिली. कल्पना मांडणाऱ्यांच्याच हाती अंमलबजावणी यावी, असे भाग्य फार थोड्या संशोधकांच्या वाट्याला येते.

या योजनेचे अर्थशास्त्र चतुर होते. जमीन शेतीच्या भावाने घ्यायची, रस्ते-पाणी देऊन ती विकायची आणि वाढलेल्या किमतीतून शहर उभारायचे. सरकारी तिजोरीवर मोठा भार नाही आणि भाववाढीचा लाभ सट्टेबाजांऐवजी सार्वजनिक संस्थेला. तत्त्व म्हणून यात आजही खोट काढता येत नाही. खोट होती ती हिशेबात. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांतल्या आगरी, कोळी, कराडी कुटुंबांची भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी ही त्या हिशेबात ‘संपादनाचे क्षेत्र’ म्हणून आली. मोबदल्याचा आधार सातबारा. पण मिठागरावर राबणाऱ्याचे किंवा खाडीत जाळे टाकणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. ज्या नोंदवहीतून आकडे घेतले, तिच्यात जे नव्हते ते धोरणातही आले नाही.

नियोजनकारांना गावे दिसत नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गावठाणे संपादनातून वगळली होती. पण त्यांच्याभोवती जी रेघ ओढली, ती जणू त्या दिवसापुरती होती. कुटुंबे वाढली, मुलांची लग्ने झाली, घरे रेघेबाहेर गेली. कागदावर ती अनधिकृत ठरली. इथले लोक त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. मुंबईची लोकसंख्या किती वाढेल याचा अंदाज बांधणाऱ्यांना वाढत्या गावठाणाचे गणित अवघड नव्हते. ते कोणी मांडायला सांगितले नव्हते, इतकेच.

ही उणीव शेवटी जासईचेच वकील आणि शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनाने सरकारपुढे आणली. मागणी केवळ वाढीव भावाची राहिली नाही. जमीन विकसित झाल्यावर तिची किंमत चढते, मग त्या चढत्या किमतीत मूळ मालकाचा वाटा का नाही, असा तो सवाल होता. अर्थशास्त्राच्या भाषेत हा नियोजनकारांच्याच सिद्धान्ताचा उरलेला अर्धा भाग. तो परिसंवादात मांडला गेला असता तर पाच माणसे वाचली असती, असे म्हणण्याचा मोह होतो. पण परिसंवादात या शेतकऱ्यांना बोलावले कोणी असते? 1990 मध्ये साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. त्यातून सार्वजनिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा जाऊन हाती पावणेनऊ उरतात. पुढे नवी मुंबईच्या विमानतळासाठी हेच प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले.

उलट्या दिशेचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. नियंत्रण गावांच्या तुलनेत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने ते निष्कर्ष छापले. 2011 पासून ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. इथे ज्यांचा प्रश्न होता, त्याच बायका मोजणाऱ्याही होत्या.

2013 च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास बंधनकारक केला. त्यासाठी ग्रामसभेशी सल्लामसलत हवी आणि अहवाल तपासणाऱ्या गटात बिगरसरकारी सामाजिक शास्त्रज्ञही हवेत. म्हणजे 1970 मध्ये न विचारलेला प्रश्न कायद्यात आला. मात्र 2018 मध्ये दुरुस्ती करून महाराष्ट्राने पायाभूत सुविधांसह काही प्रकारच्या प्रकल्पांना त्यातून सूट देण्याची वाट मोकळी केली. ही पळवाट आहे, तिला दुसरे नाव देण्याचे कारण दिसत नाही.

2024 मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या 124 गावांसाठी एमएमआरडीए ही मुंबई महानगर प्रदेशाची विकास संस्था नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमली गेली. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र विभागांनी, उरण-पनवेलच्या महाविद्यालयांनी इथे काम करावे. सातबाऱ्यावर नसलेल्या उपजीविका घरोघर जाऊन नोंदवाव्यात, गावठाणांच्या वाढीचा पुढच्या तीस वर्षांचा हिशेब मांडावा आणि तो मराठीत, ग्रामसभेत वाचून दाखवावा. मात्र हे जमिनीचे व्यवहार ठरण्याआधी व्हायला हवे.