निवडीची स्मृती : ज्यूकबॉक्समधील तारजोडणी व रिले

प्रस्तावना :
इ.स. १८८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील एका मद्यगृहात लुईस ग्लास यांनी नाणे टाकून ऐकण्याचा फोनोग्राफ बसविला. त्यात श्रोत्याला गाण्याची निवड नव्हती. १९४६ च्या वुर्लिट्झर १०१५ या ज्यूकबॉक्समध्ये २४ गाण्यांतून निवड करता येई, तर १९४८-४९ मध्ये आलेल्या सीबर्ग एम-१०० ए मध्ये ५० तबकड्यांच्या दोन्ही बाजूंची १०० गाणी उपलब्ध झाली. इतक्या निवडी यंत्राने लक्षात कशा ठेवाव्यात, या प्रश्नाचे उत्तर व त्याचे सामाजिक परिणाम यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
शंभर गाण्यांसाठी शंभर कळा लागल्या नाहीत. १० अक्षरे व १० अंक अशा २० कळांच्या जोड्यांतून १०० निवडी साधल्या. कळेच्या नाजूक संपर्कातून जाणारा अल्प प्रवाह रिलेतील विद्युतचुंबकाला चेतवी आणि रिलेचे संपर्क मोटार किंवा सोलेनॉइड यांचा मोठा प्रवाह सुरू करीत.

१९५५ च्या सीबर्ग व्ही-२०० मध्ये २०० गाण्यांसाठी ‘टॉरमॅट’ ही चुंबकीय स्मृती आली. प्रत्येक गाण्यासाठी एक लहान चुंबकीय कडे असे. अक्षर व अंक यांनी निश्चित केलेल्या कड्याची चुंबकीय दिशा विद्युत स्पंदाने पालटे. वीज गेली तरी ही नोंद टिके. तबकड्यांच्या रांगेवरून सरकणारा वाहक प्रत्येक कडे तपासी. नोंद आढळताच उमटणारा स्पंद थायरेट्रॉन नलिकेमार्फत सोलेनॉइडला चालना देई व वाहक थांबे. याच वाचनात नोंद पुसलीही जाई. एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकात १९५३ मध्ये चुंबकीय कड्यांचीच स्मृती बसविण्यात आली होती, हे येथे लक्षणीय आहे.

मात्र कड्याला दोनच अवस्था होत्या : गाणे हवे किंवा नको. परिणामी गाणी नाणी पडण्याच्या क्रमाने न वाजता वाहकाच्या मार्गक्रमाने वाजत. ते वाजण्यापूर्वी दोघांनी एकच गाणे निवडल्यास पैसे दोघांचे जात, गाणे एकदाच वाजे.

निष्कर्ष :
या स्मृतीने श्रोत्याची इच्छा जपली. तथापि इच्छा किती जणांची व कोणाची आधी, हे जपले नाही. काही यंत्रांतील लोकप्रियतामापक गाणे किती वेळा वाजले एवढेच नोंदवीत. म्हणून अशा नोंदींवरून लोकरुचीचा इतिहास लिहिताना वाजलेले गाणे आणि मागितलेले गाणे यांत भेद करणे अभ्यासकाला आवश्यक ठरते.