आधी वाचायला, मग संगणक

1984 साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. सुमारे 250 माध्यमिक शाळांमध्ये ब्रिटनमध्ये गाजलेले बीबीसी मायक्रो संगणक बसवले गेले. प्रकल्पाच्या लांबलचक इंग्रजी नावात 'लिटरसी' हा शब्द होता, पण ती साक्षरता संगणकाची. मुलाला वाचता येतं, तेही इंग्रजीत, हे गृहीतच धरलेलं. या मशीनची मेमरी 32 केबी. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा एक फोटोही त्यात मावला नसता. कीबोर्डवर देवनागरी नव्हतीच.

देवनागरी आणणं सोपंही नव्हतं. रोमन अक्षरं एकापुढे एक मांडली की काम झालं. आपल्या 'कि'मधली वेलांटी मात्र दिसते 'क'च्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. मग साठवायचं कोणत्या क्रमाने? कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने 'जिस्ट' या नावाने वाढवलेलं काम इथे मोलाचं ठरलं. 1991 च्या 'इस्की' प्रमाणकात क्रम ठरला तो उच्चाराचा. बाराखडी म्हणताना मूल 'क ला पहिली वेलांटी कि' म्हणतं, अगदी तसाच. प्रोग्रॅमर म्हणून मला हा निर्णय फार आवडतो. इथे लिपीला मशीनसारखं वाकवलं नाही, मशीनला बाराखडी शिकवली.

भारतीय लिपी पडद्यावर आल्या, तेव्हा 'क्लास'चा प्रश्न उलटा विचारता आला. 2000 साली टीसीएसचे एफ. सी. कोहली यांनी आंध्र प्रदेशात प्रौढांसाठी एक साक्षरता कार्यक्रम सुरू केला. पडद्यावर चित्र आणि तेलुगू शब्द दिसायचा, सोबत उच्चार ऐकू यायचा. लिहिणं मुद्दाम बाजूला ठेवलं होतं. सुमारे 40 तासांत साधं वाचन यावं, एवढंच ध्येय. संगणक शिकवणं हा हेतूच नव्हता.

शाळेत ही दिशा पुढे नेली शिक्षकांनी. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू येई, धडा दिसे. 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्याच वर्षी शाळा बंद होत्या. कोड पुस्तकात होता, पण कितीतरी घरांतला एकुलता एक फोन वडिलांच्या खिशातून कामावर गेलेला असायचा.

आज फोन पुष्कळ आहेत, अ‍ॅपही पुष्कळ आहेत. पण मुलांना वाचायला शिकवणारं एखादं अ‍ॅप उघडून बघा. भाषा निवडा, लॉगिन करा, ओटीपी टाका. म्हणजे शेजारी वाचता येणारं कुणीतरी हवंच. ज्या घरात तसं कुणी नाही, तिथलं मूल पहिल्याच पडद्यावर अडतं. 1984 चं गृहीतक अजून आपल्या कोडमध्ये आहे, आणि ते आता आम्हीच लिहितो आहोत.