मजकूर आणि त्याचा अंगरखा



घरच्यांना ठाऊक आहे, अप्पांच्या आठवणी दादाने २००४ साली टाईप केल्या होत्या. युनिकोड तेव्हा आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. दादा गेला, त्याचा संगणक भंगारात गेला. मागच्या वर्षी ती सीडी उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! तो फाँट नाही म्हटल्यावर मराठीच नाही. जुनी प्रिंट होती म्हणून निभावलं. सगळं पुन्हा टाईप करते आहे, आणि या वेळी भाच्याच्या सांगण्यावरून डॉकबुकमध्ये.

डॉकबुकमध्ये आपण फक्त खुणा लावायच्या. हे प्रकरण, हा मथळा, हा परिच्छेद. अक्षर ठळक की बारीक, याबद्दल चकार शब्द नाही. मला वाटलं ही आजकालच्या पोरांची टूम. पण मुळं खोल निघाली. १९६७ साली विल्यम टनिक्लिफ यांनी कॅनडाच्या सरकारी छापखान्यात भरलेल्या बैठकीत मांडलं, की मजकूर वेगळा ठेवावा आणि त्याचं रूप वेगळं. १९६९ मध्ये आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लॉरी यांनी वकिलांच्या कागदपत्रांसाठी जीएमएल बनवली. गंमत म्हणजे जी, एम, एल ही तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं. आणि गोल्डफार्ब स्वतः वकील. पुढे तिचीच वाढ होऊन १९८६ साली एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झालं. युनिक्सच्या माहितीपुस्तकांसाठी १९९१ च्या सुमारास डॉकबुक आलं, आणि १९९८ साली सुटसुटीत एक्सएमएल.

पण नुसत्या खुणांचं वेबपान होत नाही. मथळा दिसला की काय करायचं, हे सांगणारे नियम लागतात. ते लिहायची भाषा म्हणजे एक्सएसएलटी, नोव्हेंबर १९९९ ची, संपादक जेम्स क्लार्क. डॉकबुकचे नियम नॉर्मन वॉल्श आणि मंडळींनी लिहून फुकट वाटले. आणि ते राबवणारी आज्ञावली डॅनियल वेलार्ड यांची, नाव एक्सएसएलटीप्रॉक. उच्चारताना माझी कवळी हलते. असो.

काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची: आज्ञावलीचं नाव, नियमांची फाईल, आपली फाईल. पहिल्या वेळी तिने फटकारलं. अमुक ओळीवर परिच्छेद उघडलाय, बंद केलेला नाही. चाळीस वर्षं मी मुलांच्या वह्यांत हेच केलं! चूक सुधारली आणि प्रत्येक प्रकरणाचं वेगळं पान, वर अनुक्रमणिका, क्षणात तयार.

पानं सुरेख दिसली, पण फाईल उघडून पाहिली तर 'अ'च्या जागी २३०९! पोटात गोळाच आला. पुन्हा तीच सीडी? भाचा हसला. म्हणाला, "मावशी, हा युनिकोडमधला 'अ'चाच क्रमांक. कुठल्याही फाँटमध्ये 'अ'च राहील." त्या नियमांत मूळ सोय पश्चिम युरोपीय लिप्यांची, म्हणून आपली अक्षरं आकड्यांत जातात. यूटीएफ-८ हवं असं ओळीत सांगितलं, आणि देवनागरी जशीच्या तशी उतरली.

२०२५ साली गुगलने क्रोममधून एक्सएसएलटी काढणार असल्याचं जाहीर केलं. माझी पानं आधीच बनलेली असल्यामुळे त्यांना धक्का नाही. पण मूळ फाईल मी तीन ठिकाणी ठेवली आहे.

आता एक विनंती. जुन्या प्रिंटची ४१ आणि ४२ ही पानं माझ्याकडे नाहीत. अप्पा मुंबईहून परत आले तो भाग त्यांवर आहे. कुणाच्या कपाटात असतील तर फोटो काढून पाठवा.