तिसा नदीकाठची गावं : सीमा सरकते तेव्हा अभ्यासाचं एकक कोणतं घ्यायचं?

पीएच.डी.चा प्रस्ताव लिहिताना "अभ्यासक्षेत्र" नावाचा एक रकाना असतो. बहुतेक जण तिथे जिल्ह्याचं किंवा तालुक्याचं नाव टाकतात, एक नकाशा चिकटवतात आणि पुढे जातात. पण हा रकाना वाटतो तितका साधा नाही. तुम्ही जी रेघ आखता, त्या रेघेमुळे काही माणसं अभ्यासात येतात आणि काही कायमची बाहेर राहतात. हे समजून घ्यायला मला सगळ्यात उपयोगी पडलेलं उदाहरण रोमानियाच्या उत्तर टोकाचं आहे. मारामुरेश नावाचा डोंगराळ प्रदेश आणि तिथली तिसा नदीकाठची गावं. आज ते उदाहरण सविस्तर बघू.

आधी भूगोल

नकाशा उघडा आणि रोमानिया-युक्रेन सीमेचा पश्चिमेकडचा भाग बघा. मारामुरेश म्हणजे चारही बाजूंनी डोंगरांनी वेढलेला एक खोलगट प्रदेश. दक्षिणेला रोद्ना पर्वत, त्याचं पिएत्रोसुल शिखर २३०३ मीटर. पूर्वेला बाहेर पडायचं तर प्रिस्लोप खिंड, १४१६ मीटर. नैऋत्येला गुतुय खिंड, ९८७ मीटर. हिवाळ्यात बर्फ पडला की या वाटा किती कठीण होत असतील याची कल्पना करा.

आता पाणी कुठे वाहतं ते बघा. मारा इझेला मिळते, आणि इझा, विशेउ या इथल्या नद्या उत्तरेकडे उतरून तिसा नदीला मिळतात. तिसा युक्रेनमधल्या राखिव गावाजवळ काळी तिसा आणि पांढरी तिसा यांच्या संगमातून तयार होते, विशेउ तिला मिळते तिथपासून सुमारे ६० किलोमीटर ती दोन देशांची सीमा बनून वाहते, आणि मग पुढे हंगेरी आणि सर्बियामार्गे डॅन्यूबला जाऊन मिळते.

म्हणजे काय झालं? या प्रदेशाचा नैसर्गिक दरवाजा तिसेच्या खोऱ्यात आहे. शेती, बाजार, रस्ते, सगळं त्या सपाट पट्ट्याकडे तोंड करून बसलेलं. भूगोलात आपण शिकतो की नदी ही "नैसर्गिक सीमा" असू शकते. पण डोंगराळ भागात माणसांना अडवतो तो डोंगर, आणि जोडतं ते खोरं. मारामुरेशमध्ये सीमा नेमकी जोडणाऱ्या जागेवर आखली गेली.

१९२० मध्ये काय घडलं

पहिल्या महायुद्धापर्यंत नदीचे दोन्ही काठ ऑस्ट्रिया-हंगेरीच्या एकाच जिल्ह्यात होते. सिगेत हे जिल्ह्याचं मुख्य गाव. ४ जून १९२० च्या त्रियानाँ कराराने हंगेरीचा मोठा भाग शेजारी देशांत वाटला गेला. मारामुरेशचा दक्षिण काठ रोमानियाला आणि उत्तर काठ नव्याने जन्मलेल्या चेकोस्लोव्हाकियाला मिळाला.

पण गावं अशी काठाप्रमाणे वाटलेली नव्हती. उत्तर काठावर आप्शा दे झोस, बिसेरिका आल्बा, स्लाटिना अशी रोमानियन भाषिक गावं होती. आजही आहेत. दक्षिण काठावर रोना दे सुस, पोयेनिले दे सुब मुन्ते अशी युक्रेनियन भाषिक गावं होती. तीही आहेत. सिगेतमध्ये आज युक्रेनियन माध्यमाची शाळा चालते. तेचेउ या गावाचं तर दोन देशांत विभाजनच झालं. मोठं गाव उत्तरेला गेलं आणि दक्षिणेला जे उरलं त्याला "लहान तेचेउ" म्हणतात.

यातला माझा आवडता तपशील रेल्वेचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हंगेरियन काळात जी रेल्वे बांधली ती साहजिकच खोऱ्यातून गेली. कुठे या काठाने, कुठे पूल ओलांडून त्या काठाने. तेव्हा मध्ये सीमाच नव्हती. १९२० नंतर गंमत झाली. सिगेतहून उरलेल्या रोमानियात जायचं तर गाडीला चेकोस्लोव्हाकियाच्या हद्दीतून जावं लागे. आणि चेकोस्लोव्हाकियाला आपल्याच राखिव भागात गाडी न्यायची तर रोमानियाच्या हद्दीतून न्यावी लागे. दोघांनाही एकमेकांच्या रुळांवाचून पर्याय नव्हता. सिगेतला रोमानियाशी स्वतःच्या हद्दीतून जोडणारा साल्वा-विशेउ लोहमार्ग पूर्ण झाला तो थेट १९४९ मध्ये, डोंगर फोडून, युवक ब्रिगेडच्या श्रमातून.

विचार करा. करारावर सही व्हायला एक दिवस लागला. ती सीमा जमिनीवर "खरी" व्हायला जवळपास तीस वर्षं लागली. "सीमा कधी तयार झाली?" या प्रश्नाला म्हणून दोन उत्तरं आहेत. तुम्ही कायद्याचा अभ्यास करत असाल तर १९२०. लोकांच्या प्रवासाचा, बाजाराचा करत असाल तर उत्तर फार पुढे सरकतं.

एका माणसाची किती राष्ट्रं?

आता एक छोटा व्यायाम करू. १९१० मध्ये स्लाटिनात, म्हणजे उत्तर काठावर, जन्मलेली एक काल्पनिक बाई घ्या. तिचा जन्म ऑस्ट्रिया-हंगेरीत. दहाव्या वर्षी ती चेकोस्लोव्हाकियात. मार्च १९३९ मध्ये हंगेरीने हा भाग घेतला, म्हणून एकोणतिसाव्या वर्षी हंगेरीत. २९ जून १९४५ च्या कराराने चेकोस्लोव्हाकियाने हा प्रदेश सोव्हिएत संघाला दिला, म्हणून पस्तिसाव्या वर्षी सोव्हिएत संघात. आणि १९९१ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, युक्रेनमध्ये. बाई घरातून हललेली नाही.

तिचीच मैत्रीण पुलापलीकडे सिगेतमध्ये जन्मली असती तर हंगेरी, मग रोमानिया, ३० ऑगस्ट १९४० च्या व्हिएन्ना निवाड्याने पुन्हा हंगेरी आणि युद्धाच्या शेवटी पुन्हा रोमानिया.

या यादीत एक गोष्ट लक्षात आली का? १९४० ते १९४४ या काळात दोन्ही काठ हंगेरीत होते. म्हणजे सीमा पुसली गेली होती. खोरं परत एक झालं. नुसता नकाशा बघितला तर वाटेल, चला, बरं झालं. पण याच काळात, मे १९४४ मध्ये, सिगेत आणि आसपासच्या गावांतल्या ज्यूंना घेट्टोंमध्ये कोंडून आउशवित्झला पाठवलं गेलं. लेखक एली वीझेल सिगेतचे. १९२८ चा जन्म, त्या गाड्यांमध्ये तेही होते. मारामुरेशचे ज्यू फक्त शहरी व्यापारी नव्हते. खेड्यांत राहून शेती करणारे, गाड्या हाकणारे, लाकूडतोडीत राबणारे बरेच होते. काही आठवड्यांत गावंच्या गावं त्यांच्यावाचून उरली.

सीमा असणं वाईट आणि नसणं चांगलं, असं सरळ समीकरण घेऊन या प्रदेशाकडे गेलात तर १९४४ तुम्हाला तिथेच थांबवतं. रेघ आहे की नाही हे विचारून भागत नाही. राज्य कोणाचं आहे आणि ते कोणाला आपलं मानतं, हेही विचारावं लागतं.

दोन काठ, दोन प्रकारची शेती

१९४५ नंतर दोन्हीकडे कम्युनिस्ट सत्ता आली, पण गावांचं आयुष्य सारखं झालं नाही. उत्तर काठावर सोव्हिएत पद्धतीची सामूहिक शेती आली. रोमानियानेही १९६२ मध्ये सामूहिकीकरण पूर्ण झाल्याचं जाहीर केलं, पण डोंगराळ गावं बऱ्याच प्रमाणात त्यातून सुटली. उतारावरचे गवताचे तुकडे एकत्र करून ट्रॅक्टर चालवणार तरी कुठे? त्यामुळे मारामुरेशच्या अनेक गावांत कुटुंबाची जमीन, मेंढ्यांचे कळप, गवताच्या उंच गंज्या, प्लमपासून घरी गाळलेली होरिंका नावाची दारू, वाहत्या पाण्याच्या भोवऱ्यात लोकरीची जाड पांघरुणं धुण्याची पद्धत, हे सगळं टिकलं. आज पर्यटक याला "जुना युरोप" म्हणतात. पण हा जुनेपणा आपोआप उरलेला नाही. उतार आणि राज्याचं धोरण यांच्या हिशेबातून तो उरला आहे.

आणखी एक साम्य बघा. ग्रीक-कॅथलिक चर्चवर रोमानियात १९४८ मध्ये बंदी आली आणि उत्तर काठावर १९४९ मध्ये. दोन्ही काठांवर या पंथाचे लोक मोठ्या संख्येने होते. म्हणजे एकच आघात, दोन सरकारांकडून, एका वर्षाच्या अंतराने. फक्त एका देशाचा इतिहास वाचणाऱ्याला ही जोडी दिसणारच नाही.

सिगेतच्या तुरुंगाचंही तसंच. १९५० ते १९५५ या काळात तिथे रोमानियाचे जुने राजकीय नेते कैद होते. माजी पंतप्रधान यूलियू मानियू तिथेच १९५३ मध्ये वारले. सोव्हिएत सीमा तिथून दोनेक किलोमीटरवर. आज त्या इमारतीत स्मारक-संग्रहालय आहे.

सपन्त्साचं स्मशान : साधन कसं वाचायचं?

सिगेतच्या पश्चिमेला, सीमेजवळ, सपन्त्सा नावाचं गाव आहे. तिथलं "आनंदी स्मशान" जगप्रसिद्ध आहे. स्तान इओन पत्राश या कारागिराने १९३५ च्या सुमारास ओक लाकडाचे, निळ्या रंगाचे क्रूस कोरायला सुरुवात केली. १९७७ मध्ये तो वारला तोपर्यंत त्याने शेकडो क्रूस केले, आणि पुढे त्याच्या शिष्याने काम चालू ठेवलं. प्रत्येक क्रूसावर मेलेल्या माणसाचं चित्र आणि बोलीभाषेतली एक यमकी कविता, बहुतेक वेळा मेलेला माणूस स्वतःच बोलतोय अशी. कोणी सूत कातणारी, कोणी मेंढपाळ, कोणी ट्रॅक्टरवाला, कोणी दारूपायी गेलेला, कोणी गाडीखाली सापडलेला.

संशोधकाच्या तोंडाला पाणी सुटेल असं साधन आहे हे. गावातले व्यवसाय, मृत्यूची कारणं, यंत्रं गावात कधी आली, सगळं मिळेल. पण साधनाला दोन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिला, बोलतोय कोण? "मी" असं लिहिलेलं असलं तरी शब्द कारागिराचे आहेत. पत्राशच्या काळातलं संपूर्ण गाव आपण एका माणसाच्या नजरेतून ऐकतो.

दुसरा, यात कोण नाही? सपन्त्साचं हंगेरियन नाव साप्लोन्त्सा आणि यिडिश नाव स्पिंका. स्पिंका हे हसिदी ज्यूंच्या एका मोठ्या परंपरेचं नाव आहे. ती या गावात एकोणिसाव्या शतकात सुरू झाली, आणि तिचे अनुयायी आज अमेरिका आणि इस्रायलमध्ये आहेत. निळ्या क्रूसांमध्ये ते कुठून असणार? त्यांची दफनभूमी वेगळी. तुम्ही फक्त "सपन्त्सा" हा शब्द टाकून शोधलंत तर रंगीत क्रूस मिळतील. "स्पिंका" टाकलंत तर वेगळंच गाव मिळेल. जागा मात्र एकच.

म्हणून माझा पहिला व्यावहारिक सल्ला : सीमाभागातलं गाव निवडलं की सगळ्यात आधी त्याच्या सगळ्या नावांचा तक्ता करा. भाषा, लिपी, कोणत्या वर्षी कोणतं नाव अधिकृत होतं, हे सगळं. आप्शा दे झोस हे सोव्हिएत काळात "दिब्रोवा" झालं होतं. हे माहीत नसेल तर त्या काळातली कागदपत्रं हाताशी असूनही सापडणार नाहीत.

दुसरा सल्ला : कागद कुठे आहेत ते आधी शोधा आणि मगच प्रश्न पक्का करा. या एका खोऱ्याचे कागद बाया मारे, उझहोरोद, बेरेहोवे, बुडापेस्ट आणि प्राग इथल्या अभिलेखागारांत विखुरलेले आहेत. एकाच ठिकाणी जाणं परवडणार असेल तर हरकत नाही, पण मग प्रबंधाच्या शीर्षकात तेवढाच दावा करा.

तिसरा, विज्ञान शाखेतून आलेल्यांसाठी : हाब्सबर्ग साम्राज्याच्या लष्करी सर्वेक्षणांचे नकाशे बघा. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत अशी तीन सर्वेक्षणं झाली आणि ते नकाशे ऑनलाइन बघता येतात. त्यात दोन्ही काठ एकत्र दिसतात. त्यांच्यावर आजची सीमा ठेवून बघा, काय तुटलं ते लगेच कळतं.

पाण्याला रेघ कळत नाही

पर्यावरणाचा अभ्यास करणार असाल तर एकक निवडताना जास्तच जपा. मार्च २००० मध्ये रोमानियातल्या बाया बोर्शा इथल्या खाणीचा गाळ साठवणारा बांध फुटला आणि जड धातूंचा चिखल विशेउमार्गे तिसेत उतरला. उलट बाजूने, युक्रेनच्या काठावरच्या सोलोत्विनोत, म्हणजे आपल्या स्लाटिनातच, मिठाच्या जुन्या खाणींत पाणी शिरलं आणि जमिनीत प्रचंड खड्डे पडले. तिथल्या खारट पाण्याची काळजी सगळ्या खोऱ्याला आहे. अशा वेळी पाणलोट क्षेत्र हेच एकक घ्यावं लागतं, मग दोन देशांची आकडेवारी जुळवताना कितीही डोकेदुखी होवो.

आजचं काय?

रोमानिया १ जानेवारी २००७ ला युरोपीय संघात गेला आणि तिसा ही संघाची बाहेरची सीमा झाली. त्याच महिन्यात सिगेत आणि सोलोत्विनो यांच्यामधला जुना पूल पुन्हा खुला झाला. म्हणजे एकाच वेळी दार उघडलं आणि त्यावरचा पहाराही कडक झाला. व्हिसाची अट, सिगारेटची तस्करी, गस्त, हे सगळं मग रोजच्या जगण्याचा भाग बनलं.

फेब्रुवारी २०२२ नंतर त्याच पुलावरून युक्रेनच्या बायका आणि मुलं चालत आली. येणाऱ्या मुलांसाठी कोणीतरी पुलाच्या कडेला खेळणी मांडून ठेवली होती, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. लष्करी वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती. त्यांतल्या काहींनी रात्री पोहून तिसा ओलांडायचा प्रयत्न केला आणि त्या थंड पाण्यात अनेकांचा जीव गेला. त्यांची नोंद कोणत्या गावाच्या इतिहासात करायची? ज्या काठावरून ते निघाले त्या, की ज्या काठावर त्यांचं शरीर लागलं त्या?

तुमच्या प्रस्तावातल्या "अभ्यासक्षेत्र" रकान्यात कदाचित तालुक्याचंच नाव राहील, त्यात काही चूक नाही. फक्त त्याखाली दोन ओळी जास्त लिहा. ही रेघ का घेतली, आणि ती घेतल्यामुळे कोण बाहेर राहिलं. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. नाही आला तरी पुढची तीन-चार वर्षं कोणाला शोधायचं हे त्या दोन ओळी तुम्हाला सांगत राहतील.